सलाईनच्या बाटलीत ताकद किती?

गिरगावच्या चाळीत कुणी तापाने फणफणले, बरळू लागले, की घरची माणसे टॅक्सीत घालून जे.जे. किंवा नायर रुग्णालय गाठतात. डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात. जंतूंशी झगडताना शरीराचा तोल सुटून स्वतःच्याच अवयवांना इजा होऊ लागते, तो हा आजार. सलाईन लागले की नातलगांना धीर येतो, “ग्लुकोज चढतंय, आता ताकद येईल!” ही समजूत आपण एकदा तपासून पाहू.

पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत ग्लुकोज असते २५ ग्रॅम. त्याच्या कॅलरी जेमतेम शंभर. एका भाकरीएवढ्याही नाहीत. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर एकही नाही. रक्तदाब सावरायला, औषध पोचवायला सलाईन लागतेच. पण ते जेवण नव्हे.

मग रोगी जगतो कशावर? बऱ्याच अंशी स्वतःच्या मांसावर! स्नायूंतील प्रथिने फुटून अ‍ॅमिनो आम्ले सुटतात. यकृत त्यांपासून संरक्षक प्रथिने बनवते, काहींची साखर करते. २०१३ साली लंडनमध्ये केलेल्या मोजणीत अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीचा एक स्नायू दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला आढळला.

निरोगी माणूस उपाशी असेल, तर रोज १०० ग्रॅम ग्लुकोजने प्रथिनांची नासाडी जवळजवळ निम्म्यावर येते. सेप्सिसमध्ये हा हिशेब चुकतो. बाहेरून ग्लुकोज दिले तरी यकृत साखर बनवतच राहते, इन्सुलिनचेही नीट चालत नाही. ग्लुकोज जास्त झाले, तर रक्तातली साखर वाढते, यकृतात चरबी साठते, श्वासावर ताण येतो. म्हणून काही ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून देतात. पण चूल कितीही पेटवली तरी भिंतीला विटा लागतातच. त्या विटा म्हणजे प्रथिने.

रक्तदाब स्थिरावला की पहिल्या दोन दिवसांतच नाकातल्या नळीने थोडे थोडे अन्न सुरू करतात. युरोपातील तज्ज्ञांच्या २०१९ च्या शिफारशीनुसार प्रथिने हळूहळू दर किलो वजनामागे १.३ ग्रॅमपर्यंत न्यावीत. ५० किलोच्या माणसाला ६५ ग्रॅम. मात्र जास्त दिले म्हणजे जास्त गुण, असे नाही. २०२३ सालच्या एका मोठ्या चाचणीत जादा प्रथिनांचा फायदा दिसला नाही. मूत्रपिंडे बिघडलेल्यांना तर अपायच संभवला. आणि जंतूंचा बंदोबस्त झाल्याखेरीज स्नायूंची झीज पुरती थांबत नाही.

तेव्हा आमच्या माता-भगिनींना सांगणे एवढेच: गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पेज ओतू नका, ती फुप्फुसात जाते. “नळीचे अन्न कधी सुरू करणार?” असे डॉक्टरांना न बुजता विचारा. माणूस घरी आल्यावर त्याला नुसत्या ग्लुकोज पावडरीवर, साबुदाण्यावर ठेवू नका. अंडे, मासळी, डाळ, उसळ, जे परवडेल ते थोडे थोडे, दिवसातून चार वेळा द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्याला धरून रोज चार पावले चालवा; गेलेले मांस अन्नाने आणि हालचालीने मिळूनच भरून येते.