सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

जानेवारीत दिल्लीच्या द्वारकेत धुकं उतरलं, की सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सकाळी सेल्फची घरघर सुरू होते. आणि कोणीतरी निदान करतंच, 'प्लग गेले.' बहुतेकदा ते चुकतं. चारही प्लग एकाच रात्रीत कसे जातील?

आधी आवाज ऐका. नुसतं टकटक होऊन दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साठला आहे. बंद गाडीत भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा 9.6च्या खाली गेला, तर इग्निशनच्या वाटेला जाऊच नका.

सेल्फ जोमात फिरूनही गाडी पकडत नसेल, तर खरा शोध सुरू होतो. डिस्ट्रिब्युटरची टोपी फडक्याने कोरडी करण्याचे दिवस सरले. आता बऱ्याच पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. एक कॉइल गेली तरी गाडी थरथरत का होईना, सुरू होते. सगळेच सिलिंडर गप्प असतील, तर सगळ्यांना सामाईक असलेली वस्तू बघा: इग्निशनचा फ्यूज, किल्लीचा इमोबिलायझर (त्याचा दिवा लुकलुकतोय का?), उंदरांनी कुरतडलेली वायर आणि मुख्य म्हणजे क्रँक सेन्सर. पिस्टन कुठे आहे हे तोच ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला कळवतो. तो मुका झाला की बहुतेक गाड्यांत ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलला नाही, तर त्याच्यावर संशय घ्यावा. स्कॅनरवर पी0335 दिसला, तर संशय पक्का. तरी सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर आणि कनेक्टर तपासा.

मग एक प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल, तर ठिणगी पडत नाही. कोरडा असेल, तर पेट्रोलच पोचत नाही. ठिणगी बघायला प्लग हातात धरू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. स्पार्क टेस्टर वापरा.

दिल्लीत सीएनजीवाले फार, आणि त्यांचा एक खास घोटाळा. त्यातल्या बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात, पण मालक टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवतो. टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहणारा पंप मग तापून मरतो आणि दोष प्लगच्या माथी बसतो. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची बारीक गुणगुण यायला हवी. ती आली नाही, तर पाना खाली ठेवून आधी पंपाचा फ्यूज आणि रिले बघा.