जुन्या घरांचीं अंगणें आणि पुरलेलीं नाणीं

रत्नागिरी जिल्ह्यांत जुनीं जांभ्याचीं घरें एकामागून एक उतरविलीं जात आहेत व त्यांच्या जागीं नव्या इमारती उठत आहेत. अशा वेळीं जोतें उकलतांना, विहिरीचा गाळ उपसतांना किंवा माडाचें आळें खणतांना एखादें हिरवट पडलेलें नाणें हातीं लागावें, हें आपल्या कोंकणांत नवलाचें नाहीं. परंतु तें नाणें चिंचेनें घांसावें, सोनारास दाखवावें, कीं सरकारास कळवावें, ह्याचा उलगडा पुष्कळांस होत नाहीं. धातुशोधक यंत्रें आतां बाजारांत मिळूं लागल्यामुळें ह्या विषयाचें कुतूहलही वाढलें आहे. म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं ह्यासंबंधीं थोडी माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नाणीं जमिनींत जातात तीं दोन प्रकारांनीं. एक, हातून पडून. विहिरीची वाट, खळें, पडवीची कड, झाडाखालचा पार, अशा वर्दळीच्या जागीं सुटें नाणें पडतें, पावसानें मातींत रुततें आणि विसरलें जातें. दुसरा प्रकार बुद्धिपुरस्सर पुरण्याचा. पेढ्या नव्हत्या तेव्हां मडकें किंवा तांब्याचें भांडें हीच गृहस्थाची तिजोरी होती. स्वारी, दरोडा किंवा दूरचा प्रवास ह्यांच्या भीतीनें धन पुरून ठेवावें आणि पुरणाराच परत न यावा, असें अनेकदां घडलें असले पाहिजे. पडलेलें नाणें तेथील रहदारी सांगतें. पुरलेला संचय एका माणसाची काळजी सांगतो.

आपल्या बाजूस कोणतीं नाणीं आढळावींत? वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ हें आदिलशाहीच्या काळीं मोठें बंदर होतें. तेथें अरबी समुद्रावरील व्यापाराबरोबर ‘लारी’ नांवाचें चमत्कारिक नाणें चालत असे. तें वाटोळें नसून रुप्याची दुमडलेली तार असे व तिच्यावर ठसा उमटविलेला असे. इराणांतील लार शहरावरून त्यास हें नांव पडलें. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानेंही आपल्या नांवाच्या लारी पाडल्या. मालदीव बेटांत तर सुट्या नाण्यास अजूनही लारी असेंच म्हणतात. दुसरें नाणें शिवराई. तांब्याच्या ह्या नाण्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें असतात. पेशवाईंतही शिवराया पाडल्या जात, आणि इंग्रजी अंमल बसल्यावरही त्या बाजारांत बराच काळ चालत होत्या. त्यानंतरचीं कंपनी सरकारचीं मुंबई इलाख्यांतील तराजूच्या चित्राचीं तांब्याचीं नाणीं, राणी व्हिक्टोरियाचे पाव आणे, आणि १९४३ सालापासून निघालेला भोकाचा पैसा, हीं तर अनेक घरांच्या फडताळांतही सांपडतील.

आतां यंत्राकडे वळूं. त्याच्या टोकाशीं तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. खालीं धातु असल्यास तींत लहान लहान प्रवाह उत्पन्न होतात, त्यांचें क्षेत्र उलट वेटोळ्यावर परिणाम करतें, आणि यंत्र आवाज देतें. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्या अंगांतील गोळी शोधण्यासाठीं अलेक्झांडर ग्राहम बेल ह्यांनीं ह्याच तत्त्वावर एक उपकरण तयार केलें होतें. पण गादीखालच्या पोलादी तारांनीं त्यांत घोटाळा केला, असें सांगतात. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की ह्यांच्या यंत्रानें जमिनींतील सुरुंग शोधले गेले. मात्र हें यंत्र सर्वज्ञ नव्हे. साधारण नाणें तें वीतभर खोलीपर्यंतच ओळखतें. शिवाय आपली जांभ्याची जमीन लोहयुक्त असल्यामुळें येथें तें वारंवार फसतें, आणि मोडक्या विळ्याच्या तुकड्यासही धन समजून बोलूं लागतें.

परंतु नाणें सांपडणें ही गोष्ट निराळी, आणि त्यापासून ज्ञान मिळणें निराळें. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगलटेंभी येथें १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. रेव्हरंड स्कॉट ह्या मिशनरी गृहस्थांनीं त्यांचा अभ्यास करून वृत्तांत प्रसिद्ध केला. तीं नाणीं क्षत्रप नहपान ह्याचीं होतीं. पण त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एकानें दुसऱ्याचें राज्य जिंकल्याचा ह्याहून बोलका पुरावा कोणता? तीं नाणीं आटवून त्यांचीं कडीं घडविलीं असतीं, तर आपल्या इतिहासाचें एक पान कायमचें कोरें राहिलें असतें. एकत्र किती नाणीं होतीं, कोणत्या भांड्यांत होतीं, किती खोल होतीं, हें सर्व मिळून पुरावा होतो. ओंजळभर नाणीं पांच जणांनीं वांटून घेतलीं कीं तो पुरावा नष्ट झाला.

कायदाही हेंच सांगतो. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास शोधणारानें कलेक्टरास लेखी कळविलें पाहिजे: काय सांपडलें, कोठें व केव्हां. खरा मालक न निघाल्यास व दोघांत निराळा करार नसल्यास, तीन हिस्से शोधणाराचे व एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारास तें धन हवें असल्यास धातूची किंमत व तिचा पंचमांश अधिक देऊन तें घेतां येतें. लपवून ठेवणाराचा मात्र हिस्सा जातो, आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्हीही होऊं शकतात. शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुरावस्तु ठरतें. तें खासगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहीं. थिबा राजाचा वाडा किंवा लोकमान्यांचें जन्मस्थान ह्यांसारख्या संरक्षित वास्तूंच्या आवारांत तर परवानगीवांचून कुदळ मारणें हाच गुन्हा होय.

इंग्लंडांत १९९६ सालच्या कायद्यानें असा शोध कळविण्याची वहिवाट चांगली रुजविली आहे. २००९ सालीं स्टॅफर्डशायरच्या एका शेतांत यंत्राच्या साहाय्यानें मोठा सुवर्णसंचय सांपडला. तो संग्रहालयांनीं ३२ लक्ष ८५ हजार पौंडांस घेतला, व ती रक्कम शोधणारा व शेतकरी ह्यांनीं निम्मी निम्मी घेतली. प्रामाणिकपणानें कोणाचेंच नुकसान झालें नाहीं.

आपल्याकडे ह्या विषयास एक काळी बाजू आहे. धनावर नाग बसला आहे, अमुक विधि केल्यावांचून तें हातीं लागणार नाहीं, असें सांगून भोळ्या कुटुंबांस लुबाडणारे मांत्रिक आजही भेटतात. गुप्तधनासाठीं अघोरी कृत्यें करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. घरधन्यानें घराखालीं धन आहे म्हणून कर्ज काढून मांत्रिकाच्या हातीं द्यावें, ह्याहून मोठी दरिद्रता ती कोणती?

तेव्हां, मित्रहो, घरीं नाणें सांपडलें तर इतकें करा. तें घांसूं नका. चिंच, राख, आम्ल कांहीं लावूं नका, कारण वरच्या थरांबरोबर अक्षरेंही जातात. जागेची खूण करा, खोली मोजा, छायाचित्र घ्या, तारीख वहींत लिहा. एकाहून अधिक नाणीं दिसल्यास खणणें तेथेंच थांबवून वडील मंडळींस सांगा, आणि वडिलांनीं तहसील कचेरींत किंवा कलेक्टर कचेरींत कळवावें. दुसऱ्याच्या जमिनींत त्याच्या संमतीवांचून शोध करूं नये, हें सांगावयास नकोच.

पूर्वजांनीं पुरलेलें धन कोणाच्या वांट्यास येईल हें दैवाधीन आहे. परंतु त्यांनीं मागें ठेवलेला पुरावा जपून पुढील पिढीच्या हातीं देणें, हें आपणां प्रत्येकाच्या स्वाधीन आहे.