बाबांच्या मागे उरलेल्या छोट्या आगगाड्या लिलावात कशा विकल्या जातात?

ब्रिटनमध्ये कित्येक घरांच्या माळ्यावर छोट्या आगगाड्यांनी भरलेली खोकी सापडतात. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० मध्ये चावीच्या गाड्या आणल्या, १९३८ मध्ये आकाराने लहान 'हॉर्नबी डब्लो' आली. ती जमवणारे आजोबा गेले की प्रश्न पडतो, आता याचं करायचं काय?

सगळ्यात आधी विकण्याचा अधिकार कोणाचा ते पाहा. मृत्युपत्र असेल, तर त्यात नेमलेल्या एक्झिक्युटरचा. ब्रिटनमध्ये मालमत्तेच्या हिशोबात मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरतात, म्हणून घाईने वाटप करू नका.

मग मोह होतो तो साफसफाईचा. तो टाळाच! घासलेला किंवा नव्याने रंगवलेला डबा संग्राहकाला नको असतो. फाटका का असेना, मूळ पुठ्ठ्याचा खोका मात्र जपा. त्याने भाव चांगलाच वाढतो. युद्धापूर्वीच्या काही गाड्यांच्या जस्तमिश्रित ओतीव भागांना अशुद्ध धातूमुळे आपोआप तडे जातात. असा भाग दिसला तर लपवू नका, लिलावाच्या यादीत लिहायला सांगा.

दुर्मीळ इंजिनं सुटी विकली जातात, साधे डबे आणि रूळ एकत्र गठ्ठ्याने. आणि हातोडा पडतो ती रक्कम तुमच्या हाती येत नाही. त्यातून विक्रेत्याचं कमिशन कापलं जातं, कधी फोटो आणि विम्याचे पैसेही. खरेदीदाराकडून वेगळं शुल्क घेतात, ते त्याच्या मनातल्या बोलीतूनच वजा होतं. किमान किंमत लावायची असेल, तर माल विकला गेला नाही तेव्हा किती भरावं लागेल, हे सही करण्याआधीच विचारा.