फादरांच्या शाळा : ऐकीव काय, खरे काय?

‘मुलाला फादरांच्या शाळेत घातलंय’ हे वाक्य एका घरात अभिमानाने सांगितले जाते, तर दुसऱ्या घरात ते ऐकून भुवया उंचावतात. दोन्हीकडे माहिती मात्र बहुतेक ऐकीव असते. या शाळांचे ध्येय काय, मूल्ये कोणती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते वाचण्याच्या फंदात फारसे कोणी पडत नाही.

उदाहरणासाठी जेझुइट शाळा घेऊ. मुंबईतले सेंट झेवियर्स, माझगावचे सेंट मेरीज, वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस, पुण्यातली सेंट व्हिन्सेंट आणि लॉयोला या सगळ्या जेझुइट या एकाच कॅथलिक धर्मसंघाच्या शाळा. मराठी कॅथलिक त्याला ‘येशूसंघ’ म्हणतात. इग्नेशियस लॉयोला यांनी स्थापलेल्या या संघाला १५४०मध्ये पोपची मान्यता मिळाली आणि १५४८मध्ये सिसिलीतल्या मेसिना येथे त्याची सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठीची पहिली शाळा निघाली.

गैरसमज : नावात ‘सेंट’ आहे म्हणजे शाळा चर्चची, आणि अशा सगळ्या शाळांचा मालक एकच.

वस्तुस्थिती : डॉन बॉस्को शाळा सालेशियन संघाच्या, कनोसा शाळा कनोशियन सिस्टर्सच्या, मुंबईतल्या अनेक धर्मग्रामांच्या शाळा आर्चडायोसिसच्या, म्हणजे आर्चबिशपांच्या अखत्यारीतल्या. प्रत्येकाची संस्था, व्यवस्थापन आणि परंपरा वेगळी. शिवाय ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ ही पाटी लावायला चर्चची परवानगी लागत नाही. चर्चशी काडीचाही संबंध नसलेल्या अशा खासगी शाळा गावोगावी आहेत. शाळा कोणाची हे पाटीवरून नव्हे, संस्थेच्या नोंदणीवरून कळते.

गैरसमज : या शाळा धर्मांतरासाठीच चालवल्या जातात.

वस्तुस्थिती : या शंकेला इतिहासाचा आधारच नाही, असे म्हणता येणार नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यातले जेझुइटांचे सेंट पॉल कॉलेज हे धर्मप्रसाराचेच केंद्र होते. १५५६मध्ये भारतातला पहिला छापखाना तिथेच सुरू झाला, हेही तितकेच खरे. पण त्या काळावरून आजच्या शाळेचा निवाडा करता येत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५च्या घोषणापत्रात श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. भारतात तर राज्यघटनाच आड उभी आहे : कलम २८(३)नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. म्हणूनच या शाळांच्या वेळापत्रकात सहसा एकाच तासाला वर्ग दोन ठिकाणी विभागलेला दिसतो. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची मॉरल सायन्सला, म्हणजे मूल्यशिक्षणाला बसतात.

आकडेही पाहू. १९५१च्या जनगणनेत भारतात ख्रिस्ती २.३ टक्के होते, २०११मध्येही २.३ टक्केच. महाराष्ट्रात तर ते एक टक्क्याहूनही कमी. माझगावची शाळा १८६४ची, पुण्याची सेंट व्हिन्सेंट १८६७ची. दीडशे वर्षांत तिथून हिंदू, मुस्लिम, पारशी विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या बाहेर पडल्या, तरी ख्रिस्ती लोकसंख्येचे प्रमाण एवढेच आहे.

गैरसमज : धर्म नावापुरता, खरी मूल्ये म्हणजे कडक शिस्त आणि फाडफाड इंग्रजी.

वस्तुस्थिती : हा गैरसमज कौतुकातून आलेला, म्हणून जास्त चिवट. या शाळांची प्रेरणा धार्मिक आहे आणि त्या ते लपवत नाहीत. पूर्वी मुले वहीच्या पानावर वरती ‘ए.एम.डी.जी.’ अशी अक्षरे लिहीत. ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’ या येशूसंघाच्या लॅटिन ब्रीदाची ती आद्याक्षरे. पण त्या प्रेरणेतून घडवायचे काय, तर आज्ञाधारक बाबू नव्हेत. १९७३मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरूपे यांनी ध्येय सांगितले ते ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ घडवण्याचे. आपल्या शाळांनी न्यायाची जाण पुरेशी दिली का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच नकारार्थी दिले. समोर बसलेल्या अनेक सुखवस्तू माजी विद्यार्थ्यांना ते झोंबले. पुढे संघाने आपल्या शिक्षणाचे सार चार शब्दांत मांडले : क्षमता, सदसद्विवेक, करुणा आणि बांधिलकी. क्षमता हा त्यातला एक चतुर्थांश भाग आहे, हे गुणपत्रिका हातात घेतलेल्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

ही मूल्ये भिंतीवर टांगून रुजत नाहीत, म्हणून १९९३मध्ये संघाने अध्यापनाची पद्धतच लिहून काढली. तिचे टप्पे पाच : संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन. समजा, भूगोलात दुष्काळाचा धडा आहे. वर्गातल्या किती घरांत टँकरचे पाणी येते, इथून सुरुवात होते. मग मुले आपल्या घरी दिवसाला किती बादल्या लागतात ते मोजतात. जिथे नळ नाही तिथे ते पाणी कोण आणि किती लांबून वाहून आणते, याचा विचार होतो. त्यानंतर शाळेतला गळका नळ दुरुस्त करून घेण्यासारखे काहीतरी प्रत्यक्ष करायचे आणि शेवटी आपल्यात काय बदलले ते तपासायचे. दिवस संपताना दोन-चार मिनिटे शांत बसून ‘आज काय चांगले घडले, कुठे चुकले, उद्या काय करीन’ असे स्वतःला विचारण्याचा प्रघातही अनेक जेझुइट शाळांत आहे. त्यात कोणत्याही धर्माच्या मुलाला अडचण येण्याचे कारण नाही.

गैरसमज : या शाळा श्रीमंतांच्या आणि इंग्रजीच्याच.

वस्तुस्थिती : संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय याच संघाचे, आणि मराठी माध्यमाचे. पालघर जिल्ह्यातल्या तलासरी येथे वारली मुलांमध्ये काम करणारे ज्ञानमाता सदनही याच संघाचे. सेंट स्टॅनिस्लॉसची सुरुवात १८६३मध्ये अनाथाश्रम म्हणून झाली. संघाच्या सुरुवातीच्या शाळांत तर फीच नव्हती. ती घेण्याची मुभा पोपने दिली ती १८३३मध्ये. तरीही शहरांतल्या काही नामवंत शाळांकडे वरच्या वर्गाचा ओढा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. अरूपे यांची टीका नेमकी तिथेच होती.

गैरसमज : अल्पसंख्याक शाळांना कायदा लागू नाही आणि पैसा परदेशातून येतो.

वस्तुस्थिती : कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क देते, मनमानीचा नाही. अनुदानित शाळांतल्या मान्य पदांवरच्या शिक्षकांचे पगार राज्य सरकार देते. विनाअनुदानित शाळा मुख्यतः फीवर चालतात. परदेशी देणगीवर केंद्राच्या कायद्याचे नियंत्रण असते. एक सवलत मात्र खरी आहे : २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे शिक्षण हक्क कायदा, म्हणून २५ टक्के राखीव प्रवेशही, अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. २०२५मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने या निकालाबाबत शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाने तपासावा, असे सुचवले.

तेव्हा या शाळांकडे संशयाने पाहू नये आणि भक्तिभावानेही पाहू नये. प्रवेशासाठी जाल तेव्हा फी आणि निकालाच्या टक्क्यांसोबत दोन प्रश्न जरूर विचारा : इथे गरीब घरची मुले किती शिकतात, आणि वर्गाबाहेर माझे मूल इतरांसाठी काय करील? हे ध्येय त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्याचा जाब विचारण्याचा हक्क पालकांना आहे.