गाणगापूरच्या वाटेवरून युरोपकडे

भीमेचे पात्र महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या हद्दीची रेघ आखीत ज्या टापूतून वाहते, त्या टापूत, कलबुर्गी जिल्ह्याच्या पश्चिम सरहद्दीवर अफजलपूर तालुका वसलेला आहे. एके काळी हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. १९५६ च्या प्रांतरचनेत तो म्हैसूर राज्यात गेला आणि येथील दप्तर कानडीत आले. परंतु बाजारहाट, सोयरीक आणि देवदर्शन या तीन निमित्तांनी सोलापूर-अक्कलकोटशी जडलेला ऋणानुबंध मात्र सरकारी हुकुमाने तुटण्यासारखा नव्हता, आणि तो तुटलाही नाही. याच तालुक्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर, श्रीनृसिंहसरस्वतींचे गाणगापूर आहे. निर्गुण पादुकांच्या दर्शनाला, संगमावरील स्नानाला आणि दुपारच्या माधुकरीला दत्तजयंतीच्या दिवसांत जो यात्रेकरूंचा समुदाय लोटतो, त्यात चार-सहाजणींच्या मेळ्याने आलेल्या प्रौढ आणि वृद्ध मराठी स्त्रिया पाहिल्या, म्हणजे आजकाल ज्या प्रवासाला ‘नवी लाट’ म्हणून संबोधले जाते, त्याचे मूळ किती जुने आहे याचा प्रत्यय येतो. या स्त्रियांसोबत पती नसतो, पुत्र नसतो. असते ती शेजारणींची, नणंदा-भावजयांची किंवा वारीत भेटलेल्या एखाद्या मैत्रिणीची सोबत, आणि वाटा, मुक्काम, धर्मशाळा व खर्च यांचा सगळा हिशेब तोंडपाठ असलेली एखादी वडीलधारी बाई.

साठी ओलांडलेल्या स्त्रियांनी, घरातील कोणालाही बरोबर न घेता, मार्गदर्शकासह समूहाने युरोपचा प्रवास करावा, हा जो प्रघात गेल्या वीसएक वर्षांत मराठी समाजात रुजला, त्याचा विचार मी या पार्श्वभूमीवर करू इच्छितो. आपल्याकडे स्त्रीच्या एकटेपणाने केलेल्या प्रवासाला संमती अशी कधीच नव्हती. संमती होती ती सोबतीला, आणि तीही प्रयोजन पुण्याचे असेल तरच. काशीयात्रा, पंढरीची वारी, गाणगापूरचे पारायण ही त्या संमतीची रूपे होत.

संमतीची ही चौकट मोडून समुद्रापार गेलेल्या स्त्रिया आपल्या इतिहासात आहेत. पंडिता रमाबाई १८८३ साली आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले यांची कथा तर या विषयाला अधिक जवळची आहे. विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आलेली ही बाई, महर्षी कर्व्यांच्या आश्रमासाठी वर्गणी जमविण्याच्या उद्देशाने, इंग्रजीचे ज्ञान बेताचेच असताना, १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेला निघाली, आणि तेथे प्रसंगी परक्या घरची कामे करून तिने आपला निर्वाह केला. या प्रवासांविषयी मला अतीव आदर आहे. पण ध्यानी घेण्यासारखी गोष्ट अशी की, या दोघींनाही जाण्यासाठी एक महत्कार्य हाताशी असावे लागले. केवळ जग पाहावेसे वाटते, एवढे कारण त्या काळच्या स्त्रीला पुरेसे ठरले नसते.

युरोपातही स्थिती फार निराळी नव्हती, हे आपल्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. टॉमस कुक या गृहस्थाने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोपर्यंत मद्यपानविरोधी सभेसाठी सुमारे पाचशे माणसांना एका शिलिंगात आगगाडीने नेले, तेथपासून समूहपर्यटनाचा व्यवसाय सुरू झाला, असे मानतात. त्याच कुकने १८६३ साली स्वित्झर्लंडची पहिली मार्गदर्शित सहल काढली, तेव्हा तीत जेमायमा मॉरेल नावाची यॉर्कशायरची एक अविवाहित स्त्री होती. तिने लिहिलेली रोजनिशी पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर हाती लागली आणि १९६३ साली प्रसिद्ध झाली. व्हिक्टोरियाच्या काळातील इंग्रज कुलीन स्त्रीला एकटीने आल्प्सकडे जाणे अशक्यप्राय होते. पण कुकच्या मंडळींत सामील झाले म्हणजे तिच्या प्रतिष्ठेची हमी आपोआप मिळे, आणि म्हणूनच त्याच्या सहलींत अशा स्त्रियांचा भरणा मोठा असे. दिंडी आणि कुकची सहल या दोन्हींनी, परस्परांना न ओळखता, एकच काम केले.

मराठी माणसाच्या परदेशवारीला घाऊक रूप आले ते पुष्कळ उशिरा. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्सची स्थापना केली आणि मराठीत बोलणारा, वरण-भाताची तजवीज करणारा सहलप्रमुख युरोपच्या रस्त्यांवर दिसू लागला. त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी तेथे केवळ स्त्रियांसाठी ‘माय फेअर लेडी’ या नावाने सहली काढल्या. पुढे २०१३ मध्ये त्यांनी वीणा वर्ल्ड ही स्वतंत्र कंपनी उभारली, तेव्हा ‘वुमन्स स्पेशल’ आणि ज्येष्ठांसाठीच्या ‘सीनियर्स स्पेशल’ सहली तिच्या कार्यक्रमात आल्या. ज्या बाईला मीना प्रभूंची प्रवासवर्णने वाचून लंडन आणि रोम घरबसल्या परिचयाचे झाले होते, पण त्यांच्यासारखे एकटीने अनोळखी मुलखात उतरण्याचे धैर्य नव्हते, तिच्यासाठी हा मधला मार्ग निर्माण झाला.

या मार्गाचे खरे मोल कळायचे असेल, तर त्याआधी आपल्या वृद्ध स्त्रिया परदेशी कशा जात होत्या, हे स्मरले पाहिजे. त्या जात होत्या त्या लेकी-सुनांच्या बाळंतपणाला. पारपत्रावर परदेशाचे शिक्के उमटत, परंतु महिनोन्महिने जे दृष्टीस पडे ते स्वयंपाकघर, पाळणा, आणि शनिवारी जावई मोटारीतून नेईल ते दुकान. मुलीच्या संसाराला हातभार लावण्यात त्यांना धन्यता वाटत असे, याविषयी मला संशय नाही. परंतु जिच्या हाती कुटुंबनिवृत्तिवेतन आहे, किंवा शाळेत, रुग्णालयात, बँकेत तीस वर्षे चाकरी करून जिने चार पैसे राखले आहेत, अशा स्त्रीला आयुष्यात एकदा तरी कोणासाठी पोळ्या न लाटता, कोणाचे औषध न सांभाळता पंधरा दिवस हिंडावेसे वाटले, तर त्या इच्छेला देवाचे किंवा नातवंडाचे निमित्त जोडण्याची गरज पडू नये. स्त्रियांच्या सहलीने ही निमित्ताची अट काढून टाकली, हेच तिचे सर्वांत मोठे कर्तृत्व होय.

आता अफजलपूरसारख्या ठिकाणच्या बाईने जायचे ठरविले, तर पहिला अडसर कागदपत्रांचा. वडिलांच्या पिढीचे जमिनीचे कागद उर्दूत, तिचा शाळेचा दाखला कानडीत वा मराठीत, आणि आधारपत्र इंग्रजी अक्षरांत. त्यातून माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, आणि शाळेत घालताना गुरुजींनी मांडलेली १ जून ही जन्मतारीख. या तिन्ही-चारी कागदांवरील नाव एकसारखे असल्याशिवाय पारपत्राचा अर्ज करू नये, हा माझा पहिला आग्रह. डिसेंबर २०१६ पासून पारपत्राचे नियम पुष्कळ शिथिल झाले आहेत: जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला, पॅन, आधार, विमापत्र यांपैकी एखादा पुरावा चालतो, विवाहाचा दाखला सक्तीचा नाही, आणि परित्यक्तेला वा घटस्फोटितेला पतीचे नाव लिहावे लागत नाही. साठीवरील अर्जदारांना शुल्कात दहा टक्के सूटही मिळते.

व्हिसाचे प्रकरण त्यापुढचे. शेंगेन करारातील २९ देशांना एकच व्हिसा पुरतो, आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत अधिकाधिक ९० दिवस राहता येते. इंग्लंड या करारात नाही, तेव्हा लंडनसह सहल असेल तर दुसरा अर्ज आणि दुसरे शुल्क आले. शेंगेनचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. बोटांचे ठसे देण्यासाठी बंगळूर, हैदराबाद, पुणे वा मुंबई अशा मोठ्या शहरी स्वतः जावे लागते. हे काम सहल कंपनीचा मनुष्य परस्पर करू शकत नाही. सहलीच्या रकमेवर कंपनी जो कर उगमस्थानी गोळा करते, तो आयकराच्या विवरणपत्रात दाखवून वळता करून घेता येतो. पुष्कळ स्त्रिया ही रक्कम निष्कारण सोडून देतात.

पैशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जाहिरातीतला दर दोघींनी एक खोली वापरावी या हिशेबाने काढलेला असतो. एकट्या बाईला स्वतंत्र खोली हवी असेल तर तिला बराच जादा आकार भरावा लागतो; नको असेल तर कंपनी तिच्यासारख्याच दुसरीशी तिची जोडी लावून देते. जिने सारा जन्म माणसांच्या गराड्यात काढला, तिला या वयात परक्या बाईबरोबर पंधरा रात्री काढण्याचा संकोच वाटणे साहजिक आहे. घोरणे, पहाटेची पूजा, दिव्याची सवय या क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टी आधी मोकळेपणाने विचारून घ्याव्यात. पण ज्या मैत्रीवर पुढे दर वर्षीची सहल उभी राहते, ती मैत्री बहुधा याच खोलीत जमते, हेही खरे.

प्रत्यक्ष प्रवासात बसचे वेळापत्रक इतके काटेकोर का, असा प्रश्न अनेकींना पडतो. युरोपीय कायद्याने चालकाला साडेचार तास गाडी हाकल्यावर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, सर्वसाधारणपणे दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक गाडी चालविता येत नाही, आणि याची नोंद गाडीतले यंत्रच ठेवते. तेव्हा सकाळी एकीने केलेला अर्ध्या तासाचा उशीर रात्री सर्वांना भोवतो. जुन्या शहरांच्या गाभ्यात मोठ्या बसना मज्जाव असतो, म्हणून दगडी फरसबंदीवरून पायी चालणे अटळ. व्हेनिसमध्ये मोटारी नाहीत, पूल मात्र चारशेंहून अधिक, आणि बहुतेकांना पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या बाईने कार्यक्रमपत्रिकेत किती शहरे आहेत हे न पाहता रोज किती चालायचे आहे, हे विचारावे, आणि मला तर वाटते की कंपन्यांनी ते दर दिवसापुढे छापूनच द्यावे.

स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखचा उल्लेख येथे आवश्यक आहे. १९१२ साली सुरू झालेले हे युरोपातील सर्वांत उंचावरील रेल्वेस्थानक ३४५४ मीटरवर आहे. आयगर पर्वताच्या पोटातून खोदलेल्या बोगद्याने गाडी वर जाते, आणि समुद्रसपाटीच्या मानाने तेथे हवेचा दाब सुमारे दोनतृतीयांशच उरतो. ज्या बाईला हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब आहे, तिने वैद्यांचा सल्ला घेतल्याखेरीज वर जाऊ नये, आणि खाली थांबण्याचा निर्णय घेतला तर त्यात कमीपणा मानू नये. वर पोहोचल्यावर धावू नये, सावकाश चालावे, पाणी प्यावे. औषधे मूळ वेष्टनात, वैद्यांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत असावीत. आपत्प्रसंगी ११२ हा क्रमांक युरोपीय संघातील सर्व देशांत चालतो. आणि गाणगापूरहून निघताना कितीही भक्तिभावाने बांधून दिलेला असला, तरी पेढ्यांचा प्रसाद किंवा घरचे तूप बरोबर नेऊ नये. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दूध आणि मांस यांचे पदार्थ आणण्यास युरोपीय संघात बंदी आहे. अंगारा न्यावा.

या सहलींविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती जिव्हाळ्यापोटी आहे. पंधरा दिवसांत सात-आठ देश दाखविण्याच्या चढाओढीत पाहण्याला अवकाश उरत नाही. फ्लॉरेन्सला अर्धा दिवस आणि खरेदीला अर्धा दिवस, हे प्रमाण ज्या वयात माणूस निवांतपणे पाहू इच्छितो त्या वयाला शोभत नाही. संगमावर तासन्तास बसणारी बाई ऱ्हाइनच्या धबधब्यापाशीही बसू शकेल, तिला तेवढी सवड दिली पाहिजे. कमी देश, एका गावी तीन मुक्काम, आणि दिवसाआड मोकळी दुपार, अशा सहली महाग पडतील हे मान्य. पण त्यांना गिऱ्हाईक नाही, हे मला पटत नाही.

ज्यांना पहिली सहल घाईची वाटली, त्यांना दुसरीची दारे आता थोडी अधिक उघडी आहेत. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी केलेल्या तजविजीनुसार, मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा रीतसर वापरलेल्या प्रवाशाला दोन वर्षांच्या मुदतीचा, अनेकदा ये-जा करता येईल असा व्हिसा मिळू शकतो, आणि पारपत्राची मुदत पुरेशी असल्यास त्यापुढचा पाच वर्षांचा. त्यासाठी जुने पारपत्र फेकून देऊ नये, त्यावरील व्हिसा हाही पुरावा. आणि नव्या पारपत्राचा अर्ज करताना नावाचे स्पेलिंग जुन्याशी अक्षरशः जुळते आहे ना, हे सही करण्यापूर्वी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावे.