‘नाटकं करतोय’ म्हणण्याआधी...

भाद्रपदात गल्लीतल्या कुत्र्यांच्या जोड्या जमतात आणि साधारण ६३ दिवसांनी पिल्लं जन्माला येतात. म्हणजे दिवाळीची सुट्टी संपवून आपण कॉलेजला परततो, त्या सुमाराला पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीमागे ती धडपडत चालायला लागलेली असतात. मग थंडीत कुडकुडणारं एखादं पिल्लू कुणीतरी हूडीत गुंडाळून फ्लॅटवर आणतं. पहिल्या दिवशी नाव ठरतं, दुसऱ्या दिवशी त्याचं इन्स्टा अकाउंट उघडतं आणि तिसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात. रात्री अकरा वाजता ते ग्रुपवर पडतात. उत्तरंही येतात: दहीभात दे, हळद लाव, अर्धी गोळी दे, नाटकं करतोय, लक्ष देऊ नको.

यातलं शेवटचं उत्तर सगळ्यात महागात पडू शकतं. कुत्र्याला पोट दुखतंय, भीती वाटतेय, कान ठणकतोय हे सांगता येत नाही. त्याचं वागणं बदलतं, तेच त्याचं सांगणं. त्यामुळे प्रश्न कुठलाही असो, आधी एवढंच बघायचं, की कालच्यापेक्षा आज काय बदललंय? नवीन पालकांना हमखास पडणारे काही प्रश्न याच नजरेने बघू या.

दुपारपासून गप्प आहे, दोनदा उलटी झाली. उद्यापर्यंत वाट बघू?

अजिबात नको. दीड ते सहा महिन्यांच्या, लस न झालेल्या पिल्लाने खाणं सोडलं, उलट्या आणि घाण वासाचे किंवा रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर पहिला संशय पार्व्होचा. हा विषाणू आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतो. शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. पण सलाइन आणि औषधं वेळेवर मिळाली तर बरीच पिल्लं वाचतात. ‘उद्या लेक्चर झाल्यावर नेऊ’ हे इथे चालत नाही. शिवाय हा विषाणू फरशीवर, चपलांच्या तळव्यांवर महिनोन्महिने टिकतो. हाताला लावायच्या सॅनिटायझरने तो मरत नाही, फरशीसाठी पाण्यात मिसळलेलं ब्लीचच लागतं. त्याच खोलीत लगेच दुसरं पिल्लू आणणं म्हणूनच धोक्याचं.

एक लस झाली. आता बाहेर फिरवू ना?

एका इंजेक्शनवर भागत नाही. आईच्या दुधातून आलेल्या अँटिबॉडीज पिल्लाला सुरुवातीला वाचवतात, पण त्याच अँटिबॉडीज लशीलाही काम करू देत नाहीत. त्या कधी संपतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. जंतांचं औषध वेगळं, त्याच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडू नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत ते जे बघतं, ऐकतं, त्याची भीती पुढे कमी वाटते. कडेवर घेऊन खाली न्या. रिक्षा, कुकरची शिट्टी, लहान मुलं, हेल्मेट घातलेला माणूस, सगळ्यांची ओळख होऊ दे.

नाक कोरडं आहे, अंग तापलंय. अर्धी पॅरासिटामॉल देऊ?

देऊ नका. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार. कोरडं नाक ही काही तापाची खूण नव्हे. माणसांच्या गोळ्या तर त्याहून वाईट. पॅरासिटामॉलने कुत्र्याचं यकृत बिघडू शकतं, आयब्युप्रोफेनने पोटात अल्सर होऊन किडनीपर्यंत त्रास जाऊ शकतो.

त्यापेक्षा ओठ उचलून हिरड्या बघा. त्या गुलाबी असायला हव्यात. (काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळपट असतात, मग खालच्या पापणीची आतली बाजू बघा.) हिरड्या पांढुरक्या पडल्यात, कुत्रा सुस्त आहे, जेवत नाही आणि अंगावर गोचीड आहेत किंवा नुकते होऊन गेलेत, तर टिक फिव्हर असू शकतो. रक्त तपासायलाच हवं. गोचीड नुसते कुत्र्याच्या अंगावर नसतात. भिंतीच्या फटीत, दरवाजाच्या चौकटीत, गादीखाली त्यांची अंडी आणि पिल्लं असतात. फक्त कुत्र्यावर औषध टाकून खोली तशीच सोडली, तर पंधरा दिवसांनी पुन्हा तोच कार्यक्रम.

प्रसादाचा शिरा चाटला. त्याने काय होतंय?

शिऱ्याने कदाचित काही नाही, त्यातल्या बेदाण्यांनी होऊ शकतं. नाशिकची द्राक्षं असोत की तासगावचा बेदाणा, काही कुत्र्यांची किडनी अगदी थोड्याशानेही बंद पडते. कुठल्या कुत्र्याला त्रास होणार, हे आधी कळत नाही. डार्क चॉकलेट, कांदा-लसूण आणि झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम हेही त्याच यादीत. यातलं काही पोटात गेलं असेल, तर लक्षणं दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. काय खाल्लं, किती आणि किती वाजता, हे सांगा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयोग घरी नको. आणि हो, रोजचं दूध-बिस्किट हे पिल्लाचं जेवण नव्हे. बऱ्याच कुत्र्यांना गाईम्हशीचं दूध पचत नाही आणि जुलाब सुरू होतात.

चपला, चार्जर, आमचे हात... सगळंच चावतो!

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. तिसऱ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यात ते पडून ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून चावतो. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा आणि तुमच्या समोरच ते चघळायला द्या. चार्जर उचलून ठेवणं ही तुमची जबाबदारी, त्याची नाही. हाताला दात लागले, की ओरडू-मारू नका. खेळ थांबवा, उठून जा. चावलं की मजा संपते, हे त्याला काही दिवसांत कळतं.

घरात शी करतो आणि वर अपराधी चेहरा करून बसतो. म्हणजे कळतंय ना त्याला?

हा प्रश्न न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये तपासून पाहिला. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खरंच खाल्लाय की नाही, याचा त्या ‘अपराधी’ चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. मालक रागावला, की चेहरा तसा व्हायचा. म्हणजे कान पाडणं, नजर चुकवणं ही चुकीची कबुली नसते, तो आपल्या रागाला दिलेला प्रतिसाद असतो. संध्याकाळी घरी येऊन सकाळच्या शीसाठी ओरडलात, तर तो फक्त तुम्हाला घाबरायला शिकेल. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या आणि तिथे केली की त्याच क्षणी कौतुक करा. इतके दिवस बाहेर जाणारा मोठा कुत्रा अचानक घरात सू करायला लागला, तर मात्र लघवी तपासून घ्या.

आम्ही कॉलेजला गेलो की दिवसभर भुंकतो. शेजारी वैतागलेत.

एकटेपणाची भीती हा खरा त्रास आहे. कुत्रा दाराशीच कुरतडत असेल, लाळ गाळत असेल, तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासातच सुरू होत असेल, तर तो सूड उगवत नाहीये, घाबरलाय. एक मिनिट बाहेर जाऊन परत या, मग पाच, मग पंधरा. चावी उचला, पण जाऊ नका. जाताना-येताना मिठ्या-पप्प्यांचा सोहळा नको. चौघं फ्लॅटमेट असाल, तर लेक्चर्सचं टाइमटेबल शेजारी शेजारी ठेवून बघा, मधले दोन तास कुणाचे तरी रिकामे निघतातच.

कालपर्यंत लाडात यायचा, आज हात लावला की गुरगुरतो.

आधी दुखणं शोधा. मान झटकत असेल, कानाला वास येत असेल तर कानात इन्फेक्शन असू शकतं. उठताना-बसताना कण्हत असेल तर सांधे. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नका. तो इशारा आहे, तो बंद केलात तर पुढच्या वेळी थेट चावेल.

आणि चावलाच, अगदी खेळताना पिल्लाचा दात लागून रक्त आलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा. रस्त्यावरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लाच्या बाबतीत ‘एवढंसं तर आहे’ म्हणू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी घेतलेली लस मात्र वाचवते.

पॉकेटमनीत हे सगळं बसवायचं कसं, हा शेवटचा प्रश्न. मुंबईत परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथेही अशी कॉलेजं आहेत आणि तिथे प्राण्यांवर उपचार होतात. जिल्ह्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. खासगी क्लिनिकपेक्षा खर्च बराच कमी. पिल्लू आणाल त्याच दिवशी जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि रात्री कोण बघतं, हे विचारून फ्रीजवर चिकटवा. त्याखाली लशींच्या तारखा लिहा. आणि त्याखाली, आत्ताच, मे महिन्याच्या सुट्टीत सगळे गावी गेल्यावर त्याच्यासोबत कोण राहणार, त्याचं नाव लिहा. ती ओळ रिकामी राहत असेल, तर पिल्लाला पार्किंगमध्येच खाऊ घाला, सगळ्यांनी पैसे काढून त्याच्या लशी करा आणि त्याला कायमचं घर देणारं माणूस शोधा. तेही प्रेमच आहे.