इसबगोल मानवेपर्यंत

ऐंशी-नव्वदच्या दशकांत पोटाची जुनी तक्रार घेऊन दवाखान्यात गेलं, की दोन गोष्टी हमखास पदरात पडत. एक म्हणजे ‘अमीबा असेल’ म्हणून मेट्रोनिडाझोलचा कोर्स, आणि दुसरी ‘चोथा खा’ ही ताकीद. गोळ्यांनी तोंडाची चव जायची, चोथ्याने पोट तंबोऱ्यासारखं व्हायचं आणि तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल यायच्या. आयबीएस, म्हणजे चिडखोर आतड्याचा विकार, हे नाव तेव्हा फारसं कुणी घेत नसे. मुरडा, गॅस, ‘पोट साफ होत नाही’ एवढ्यावर भागायचं. मीही त्याच रांगेतला. त्यामुळे गेल्या चार-पाच दशकांत चोथ्याबद्दलचं वैद्यकीय मत कसं पालटत गेलं, ते मी जरा आतूनच पाहिलं आहे.

चोथ्याचा बोलबाला झाला तो मुख्यतः डेनिस बर्किट या आयरिश सर्जनमुळे. युगांडात बरीच वर्षं काढून ते १९६६मध्ये ब्रिटनला परतले. आफ्रिकेतल्या खेड्यांतली माणसं भरपूर चोथा खातात, त्यांचं अन्न आतड्यांतून लवकर पुढे सरकतं, मलाचं वजन इंग्रजांच्या कितीतरी पट असतं आणि बद्धकोष्ठासारखे आतड्याचे विकार तिथे क्वचितच दिसतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२मध्ये मांडलं. निरीक्षण मोलाचं होतं. घाई झाली ती त्यापुढे. निरोगी आतड्याला जे चांगलं ते चिडखोर आतड्यालाही चांगलंच असणार, असं गृहीत धरून गव्हाचा कोंडा औषध म्हणून दिला जाऊ लागला. ही लाट आपल्याकडे आली तेव्हा अनेक घरांतली पिठाची चाळण फडताळात गेली. आमच्याकडे तर चाळलेला कोंडाही वेगळा ठेवून ताकातून दिला जाई. कोंड्याचा मांडा करावा तसा घरच्यांचा उत्साह, आणि दुपारी चारला माझं पोट पट्ट्याबाहेर.

खरं तर खुलाशाचा धागा तेव्हाही हाताशी होता. आयबीएसच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्यात फुगा घालून तो फुगवला, तर इतरांना नुसता दाब जाणवतो तेवढ्यावरच यांना दुखू लागतं, हे १९७३मध्येच इंग्लंडमध्ये दिसून आलं होतं. म्हणजे वायू इतरांएवढाच झाला तरी त्रास जास्त. अशा आतड्यावर कोंड्याचा मारा केला तर काय होणार? मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९४मध्ये शंभर रुग्णांना सरळ विचारलं. ५५ टक्के म्हणाले, कोंड्याने त्रास वाढला. बरं वाटलेले अवघे १० टक्के. ज्या सल्ल्याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती, त्याबद्दल रुग्णांना इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, हे मला त्या आकड्यांहून अधिक बोलकं वाटतं.

मग पारडं विद्राव्य तंतूंकडे, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या किंवा फुगून बुळबुळीत होणाऱ्या चोथ्याकडे झुकलं. नेदरलँड्समध्ये २००९मध्ये २७५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना रोज १० ग्रॅम इसबगोल, काहींना तेवढाच कोंडा, तर काहींना नुसतं तांदळाचं पीठ. पहिल्या महिन्यात आराम वाटला असं इसबगोलवाल्यांपैकी ५७ टक्क्यांनी सांगितलं, तांदळाच्या पिठावरच्या ३५ टक्क्यांनी. कोंड्याचा गट मध्येच कुठेतरी लटकला, आणि त्रास वाढला म्हणून अर्ध्यातून गळालेही त्यातलेच जास्त. या निकालातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. इसबगोलचा उपयोग होतो, पण सगळ्यांना होत नाही. आणि तांदळाच्या पिठानेही तिघांतल्या एकाला बरं वाटतं, तेव्हा कुणी छातीठोकपणे ‘मला अमुक चूर्णाने गुण आला’ म्हणालं तर ऐकावं, पण लगेच दुकान गाठू नये.

ज्या इसबगोलबद्दल परदेशात हा ऊहापोह चालला, त्याची मोठी बाजारपेठ गुजरातेत उंझ्याला आणि कारखाने सिद्धपूरच्या आसपास. आपल्या घरांत तर त्याची पुडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तरीही ‘मला इसबगोल मानवला नाही’ म्हणणारे चिक्कार भेटतात. त्यांच्याशी खोदून बोलावं तर बहुतेकदा इसबगोलचा दोष निघत नाही. रात्री कोमट दुधातून घ्यायची आपली रीत. ज्याला दूध पचत नाही, आणि आपल्याकडे अशी माणसं कमी नाहीत, त्याला पहाटे गुडगुड होते ती दुधातल्या लॅक्टोजमुळे. दुसरा घोटाळा डब्यावरच्या बारीक अक्षरांत सापडतो. ‘इसबगोलयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक चूर्णांत सोनामुखी असते. ती रेचक. पोटात कळ तिने येते आणि नाव भुशाचं खराब होतं.

तिसरं कारण मापाचं. भुसा इतका हलका, की मोठा चमचा भरून घेतला तरी वजन सुमारे पाच ग्रॅम. पहिल्याच रात्री असे दोन चमचे घेणारा माणूस डच चाचणीतला दिवसभराचा डोस एका बैठकीत घेतो. तिथे तो दोन वेळांत विभागलेला होता. ब्रिटिश पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१मध्ये स्पष्टच सांगितलं: रोज ३-४ ग्रॅमपासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. मी त्याहूनही कमीपासून, लहान अर्ध्या चमच्यावरून चढत गेलो. ग्लासभर पाण्यात भुसा टाकला की आधी तो वर तरंगतो, ढवळलं की पाणी दुधट होतं आणि दोन-तीन मिनिटं रेंगाळलात तर चमचा फिरेनासा होतो. तेव्हा ढवळायचं, प्यायचं आणि वर आणखी ग्लासभर पाणी. कोरडा भुसा तोंडात टाकणं धोक्याचं, कारण तो घशात फुगून अडकू शकतो. थायरॉइडची किंवा इतर गोळी असेल तर मध्ये दोन तासांचं तरी अंतर ठेवायचं.

अलीकडच्या काळात ‘विद्राव्य’ या शिक्क्याचंही पितळ उघडं पडलं. चिकोरीच्या मुळातलं इन्युलिनही विद्राव्यच, पण मोठ्या आतड्यातले जीवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि थोड्या वेळात भरपूर वायू करतात. इन्युलिन कापरासारखं भडकतं, इसबगोल ओल्या लाकडासारखा धुमसतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने या शतकाच्या पहिल्या दशकात फॉडमॅपची कल्पना मांडली, तेव्हा आंबून वायू करणाऱ्या साखरांच्या त्या यादीत इन्युलिनच्या जातकुळीतले फ्रुक्टान होतेच. कांदा, लसूण आणि गहू यांतही तेच असतात. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०२२मध्ये आणखी एक गंमत दाखवली. आयबीएसच्या रुग्णांना इन्युलिनसोबत इसबगोल दिला, तर इन्युलिनमुळे होणारा वायू कमी झाला. दुसरीकडे, गवारीच्या बियांतला डिंक तोडून केलेली पातळ पूड इटलीत २००२मध्ये कोंड्याशी तुलना करून पाहिली गेली, तिथे रुग्णांना ती कोंड्यापेक्षा बरी सोसली. ती पाण्यात दिसतही नाही, म्हणून इसबगोलच्या बुळबुळीतपणाने ज्यांना मळमळतं त्यांना बरी पडावी.

विष्ठेत रक्त, आपोआप उतरणारं वजन, पंडुरोग किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार असेल, तर भुशाचे प्रयोग बाजूला ठेवून तपासून घ्यावं. बाकीच्यांनी काही आठवडे मात्रा बेताने चढवत न्यावी, सोबत एका वेळी एकच बदल करावा. इसबगोल सुरू केला त्याच सोमवारी दूध सोडलं आणि योगासनंही धरली, तर गुण कशाचा ते कळत नाही. उपयोग नाहीच झाला तर सोडून द्यावा. माझं माप सध्या सकाळी एक मोठा चमचा, साध्या पाण्यातून. लग्नसराईत बाहेरचं जेवण वाढलं की मी ते वाढवत नाही, उलट अर्ध्यावर आणतो. ‘फायबर-रिच’ बिस्किटाचा पुडा घेण्याआधी मात्र पाठ वाचतो, आणि चिकोरी दिसली की परत फळीवर ठेवतो.